पेशीची सामायिक परिभाषा : जीन ऑन्टॉलॉजीच्या अभ्यासासाठी प्रस्तावना

1987 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी माणसाची जनुके यीस्टच्या पेशींत सोडली. ज्या यीस्टवर प्रयोग चालला होता ते अधू होते. पेशीविभाजनाला लागणारे सीडीसी-2 हे त्याचे जनुक बिघडलेले होते. तापमान वाढवले की त्याच्या पेशी दुभंगत नसत, नुसत्या लांब होत जात. माणसाच्या हजारो जनुकांमधले एक विशिष्ट जनुक ज्या पेशीला मिळाले, ती मात्र पुन्हा विभागू लागली. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा फुटून शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. तरीही पेशीने दुभंगायचे केव्हा, हे ठरवणारे जनुक दोघांत इतके सारखे राहिले की एकाचे दुसऱ्याच्या जागी चालले.

हा प्रयोग पेशीविभाजनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. इथे तो सांगण्याचे कारण वेगळे आहे. नर्स ज्या यीस्टवर काम करत होते ते मधोमध दुभंगणारे यीस्ट. आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून ते प्रथम वेगळे केले गेले आणि त्या बिअरच्या ‘पोंबे’ या नावावरूनच त्याच्या जातीला नाव मिळाले. तिकडे अमेरिकेत सिॲटलला लेलँड हार्टवेल पाव फुगवणाऱ्या यीस्टचा अभ्यास करत होते. त्यांच्या यादीत याच कामाचे जनुक सीडीसी-28 म्हणून नोंदले गेले होते. बेडकाच्या अंड्यांवर काम करणारे योशिओ मासुई 1971 पासून अंड्याला परिपक्व करणाऱ्या एका घटकाविषयी लिहीत होते आणि त्या घटकाला एमपीएफ म्हटले जाई. सीडीसी-28 हे सीडीसी-2 ची जागा घेऊ शकते हे नर्स यांच्या गटाने 1982 मध्ये दाखवले. एमपीएफमधला एक भाग म्हणजे त्याच जनुकाचे प्रथिन, हे 1988 मध्ये उघड झाले. माणसातल्या जनुकाला आज सीडीके-1 म्हणतात. हार्टवेल, नर्स आणि सायक्लिन प्रथिने शोधणारे टिम हंट यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे तीन प्राण्या-बुरशींवर काम करणारी माणसे वर्षानुवर्षे एकाच यंत्रणेविषयी तीन नावांनी लिहीत होती. तिघांची गाठ पडली ती असामान्य बुद्धीच्या काही माणसांमुळे आणि एका वेळी एका जनुकापुरती. 1996 मध्ये पाव फुगवणाऱ्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि सुमारे 6 हजार जनुके एकदम समोर आली. 1998 मध्ये क्षयजंतूची सुमारे 4 हजार जनुके आली, त्याच वर्षी एका सूत्रकृमीचा जनुकसंच आला, 2000 मध्ये फळमाशीचा. प्रत्येक जनुकासाठी एकेक नर्स मिळणे शक्य नव्हते. एका सजीवात कळलेली गोष्ट दुसऱ्या सजीवाच्या अभ्यासकापर्यंत आपोआप पोचायची, तर दोघांनी एकच गोष्ट एकाच शब्दात नोंदवायला हवी होती. पुढील पानांचा विषय असलेल्या जीन ऑन्टॉलॉजीचा उगम या गरजेत आहे. रोजच्या बोलण्यात अभ्यासक तिला नुसते ‘जीओ’ म्हणतात, मीही तसेच म्हणेन.

1998 मध्ये मॉन्ट्रिअलला संगणकीय जीवशास्त्राची एक परिषद भरली होती. फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या माहितीसंग्रहांचे काम पाहणारी माणसे तिथे एकत्र आली. त्यांत केंब्रिजचे मायकेल ॲशबर्नर, जॅक्सन लॅबोरेटरीच्या ज्युडिथ ब्लेक, स्टॅनफर्डचे माइक चेरी आणि बर्कलीच्या सुझॅना लुईस ही नावे महत्त्वाची. तिन्ही संग्रहांत जनुकाच्या कार्याविषयी मोकळ्या वाक्यांत काहीबाही लिहिलेले असे. कोणी ‘ट्रान्सलेशन’ लिही, कोणी ‘प्रथिनसंश्लेषण’. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही एकच आहेत हे कळते, यंत्राला कळत नाही. उलटही घडे. ‘बड’ हा शब्द यीस्टचा अभ्यासक वापरतो तेव्हा तो नव्या पेशीच्या फुगवट्याविषयी बोलत असतो, वनस्पतिशास्त्रज्ञ कळीविषयी आणि उंदरावर काम करणारा दाताच्या अंकुराविषयी. शब्द एक आणि गोष्टी तीन. या माणसांनी ठरवले की तिन्ही संग्रहांनी एकच परिभाषा वापरायची आणि ती सर्वांना फुकट खुली ठेवायची. मे 2000 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकात त्यांनी जीओला जीवशास्त्राच्या एकीकरणाचे साधन म्हटले होते. त्या वेळी हा दावा फार मोठा वाटला असेल. आज जनुकांवर काम करणारी जवळपास प्रत्येक प्रयोगशाळा या परिभाषेला कधी ना कधी हात घालते.

याआधी असे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. विकरांचे क्रमांकबद्ध वर्गीकरण 1961 पासून होते. 1993 मध्ये मोनिका रायली यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांची कार्यानुसार सुरेख विभागणी केली होती. पण विकरांच्या यादीत विकर नसलेल्या प्रथिनांना जागा नव्हती आणि एका जिवाणूसाठी आखलेले कप्पे माशी-उंदरांना पुरणारे नव्हते. शिवाय कप्प्यांच्या पद्धतीत एक जनुक एकाच कप्प्यात बसावे अशी अपेक्षा असते. पेशी तशी वागत नाही.

जीओच्या कर्त्यांचा पहिला मोठा निर्णय म्हणजे एका प्रश्नाचे तीन प्रश्न करणे. ‘हे जनुक काय करते?’ असे विचारले की उत्तरे वेगवेगळ्या पातळ्यांवर येतात आणि गोंधळ होतो. म्हणून त्यांनी विचारले : या जनुकाचे उत्पादन रेणू म्हणून कोणती क्रिया करते? ती क्रिया कोणत्या मोठ्या जैविक प्रक्रियेच्या कामी येते? आणि ती पेशीत कुठे घडते? सायटोक्रोम सी हे छोटे प्रथिन घ्या. त्याची रेणवीय क्रिया इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवण्याची. प्रक्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्याची, म्हणजे पेशीश्वसनाची. ठिकाण मायटोकॉन्ड्रियाच्या दोन आवरणांमधली पोकळी, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेची. 1925 मध्ये केंब्रिजला डेव्हिड कायलिन यांनी सायटोक्रोमांचे वर्णन केले आणि पुढे सत्तर वर्षे सायटोक्रोम सी म्हणजे श्वसनाचे प्रथिन, एवढेच समीकरण होते. 1996 मध्ये शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हेच प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पेशीद्रवात आले की पेशी स्वतःला संपवू लागते. एकाच प्रथिनाचा एक पाय पेशीच्या जगण्यात आणि दुसरा मरणात. कप्प्यांच्या पद्धतीत याला बसवणार कुठे? जीओमध्ये अडचण येत नाही : प्रक्रिया दोन, ठिकाणे दोन, आणि प्रत्येकीची स्वतंत्र नोंद.

इथे एक गोष्ट नवख्या वाचकाने पक्की लक्षात ठेवावी. जीओमध्ये ‘सायटोक्रोम सी’ ही संज्ञाच नाही. प्रथिनांची आणि जनुकांची नावे देणे हे जीओचे काम नव्हे. त्या जनुकांविषयी काय म्हणता येते याची ती परिभाषा आहे. तशीच ‘कर्करोग होणे’ ही संज्ञाही तिथे सापडणार नाही, कारण जीओ निरोगी सजीवातल्या सामान्य क्रियांचे वर्णन करते. कर्करोग ही त्या क्रियांची बिघडलेली अवस्था. रोगांसाठी, शरीररचनेसाठी, लक्षणांसाठी वेगळे संग्रह आहेत. आपल्या कामाची सीमा इतक्या स्पष्टपणे आखणारे आणि ती पाळणारे प्रकल्प विज्ञानात थोडे.

दुसरा निर्णय संज्ञा जोडण्याविषयीचा. आज जीओमध्ये सुमारे 40 हजार संज्ञा आहेत. प्रत्येकीला सात अंकी क्रमांक आहे, व्याख्या आहे आणि इतर संज्ञांशी असलेले नाते नोंदलेले आहे. नात्यांपैकी दोन मुख्य : ‘हा त्याचा एक प्रकार आहे’ आणि ‘हा त्याचा एक भाग आहे’. एका संज्ञेला एकाहून अधिक पालक असू शकतात. हेक्सोज शर्करा तयार होणे हा हेक्सोजच्या चयापचयाचाही प्रकार आहे आणि साध्या शर्करा तयार होण्याचाही. दोन्ही बाजूंनी वर जाता येते. खाली उतरावे तशी संज्ञा नेमकी होत जाते. प्रयोगाने जेवढे सिद्ध केले असेल तेवढ्याच खोलीवर जनुकाची नोंद करायची, पुढे तर्काने उतरायचे नाही.

या रचनेतला सर्वांत कडक नियम असा : एखाद्या संज्ञेखाली जनुक नोंदले की त्या संज्ञेपासून शिखरापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वाटेवरचे प्रत्येक विधान त्या जनुकाबाबत खरे ठरले पाहिजे. सुरुवातीच्या काळात हा नियम कायटिनने मोडला. कायटिन म्हणजे कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ. माशीवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने कायटिन तयार होणे हा कवच घडण्याचाच भाग, म्हणून ती संज्ञा कवचाच्या प्रक्रियेखाली ठेवली गेली. माशीपुरते सगळे बरोबर होते. मग यीस्टचे एक जनुक त्याच संज्ञेखाली आले, कारण यीस्टही आपल्या पेशीभित्तीत कायटिन घालते. यंत्राने नियमाप्रमाणे वर जाऊन निष्कर्ष काढला की यीस्ट कवच घडवते! चूक यीस्टच्या अभ्यासकाची नव्हती आणि माशीच्या अभ्यासकाचीही नव्हती. दोघांच्या मनात नकळत असलेली गृहीते संज्ञेच्या जागेत लपली होती. दुरुस्ती झाली ती कायटिनची निर्मिती सर्वसाधारण ठेवून आणि तिच्याखाली कवचातल्या व पेशीभित्तीतल्या कायटिनसाठी वेगळ्या संज्ञा करून.

मला या उदाहरणाचे महत्त्व फार वाटते. परिभाषा ठरवणे हे कारकुनी काम आहे, संशोधन झाल्यावर मागाहून कोणीतरी उरकायचे, असा समज आपल्या विद्यापीठांत खोल रुजला आहे. कायटिनची संज्ञा कुठे ठेवायची हा प्रश्न सोडवताना मात्र एक जैविक प्रश्नच विचारावा लागला : या प्रक्रियेतले सर्व सजीवांना सामायिक काय आणि एका वंशाचे खास काय? असे हजारो प्रश्न ही परिभाषा घडवताना सुटले आहेत. त्यातले पुष्कळसे कोणत्याही शोधनिबंधात सापडत नाहीत.

क्रमांकांविषयी थोडक्यात. संज्ञेचे नाव सुधारले तरी क्रमांक तोच राहतो. व्याख्येचा अर्थच बदलला तर जुनी संज्ञा बाद ठरवून नवा क्रमांक दिला जातो आणि बाद क्रमांक पुन्हा कोणाला मिळत नाही. मायटोकॉन्ड्रियाला 1890 मध्ये आल्टमान बायोब्लास्ट म्हणत. 1898 मध्ये कार्ल बेंडा यांनी आजचे नाव दिले. तरी स्नायूंतल्या याच कणांना सार्कोसोम म्हणणारे अभ्यासक त्यानंतर कित्येक दशके होते. जीओ:0005739 या क्रमांकाला या इतिहासाचा त्रास होत नाही. पुढील प्रकरणांत शाळेतून परिचित असलेले मराठी शब्द आहेत आणि जिथे प्रयोगशाळेत इंग्रजी शब्दच बोलला जातो तिथे तो देवनागरीत ठेवला आहे. क्रमांक सोबत असल्याने अर्थ हलणार नाही.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. जनुकाची नोंद करताना संज्ञेसोबत दोन गोष्टी द्याव्याच लागतात : माहिती कोठून घेतली आणि ती कशाच्या बळावर खरी मानायची. सातबाऱ्यावर एखादे नाव कसे चढले हे फेरफार क्रमांकावरून शोधता येते, तशी प्रत्येक नोंद मूळ पुराव्यापर्यंत मागे नेता येते. पुराव्याच्या प्रकारांना छोटी संकेताक्षरे आहेत. आयडीए म्हणजे थेट प्रयोगात ती क्रिया दिसली. आयएमपी म्हणजे जनुक बिघडवल्यावर जे घडले त्यावरून अनुमान काढले. आयएसएस म्हणजे दुसऱ्या, आधी तपासलेल्या प्रथिनाशी असलेल्या साम्यावरून. आयबीए म्हणजे जनुकांच्या वंशवृक्षात पूर्वजाकडे असलेले कार्य वंशजाकडे आले असावे या तर्कावरून. आणि आयईए म्हणजे संगणकाने लावलेली नोंद, जी माणसाने एकेक करून तपासलेली नाही. एकूण नोंदींत या शेवटच्या प्रकाराचे प्रमाण प्रचंड आहे. त्या नोंदी टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. नव्याने वाचलेल्या जनुकसंचासाठी बहुधा तेवढ्याच असतात आणि त्यांचे नियम माणसांनीच विचारपूर्वक केलेले असतात. पण निष्कर्ष त्यांच्यावर उभा असेल तर ते सांगायला हवे.

नकाराचीही नोंद करता येते. एखाद्या प्रथिनाकडून अमुक क्रिया अपेक्षित होती, प्रयोगात ती आढळली नाही, तर तसे लिहायची सोय आहे. आणि एनडी हे संकेताक्षर तर मला विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना वाटते. जनुकाविषयी उपलब्ध साहित्य शोधले, काहीच सापडले नाही, तर ते जनुक शिखरावरच्या सर्वसाधारण संज्ञेपाशी नोंदायचे, एनडी लिहायचे आणि तारीख घालायची. याचा अर्थ : या दिवसापर्यंत आम्ही पाहिले, कोणालाच ठाऊक नाही. मुळीच नोंद नसलेले जनुक आणि एनडी असलेले जनुक यांत फरक आहे. पहिल्याकडे कोणी पाहिलेच नसेल. दुसऱ्याकडे पाहून अज्ञानाची कबुली दिलेली आहे.

विद्यार्थ्यांची जीओशी पहिली भेट बहुधा संचविश्लेषणातून होते. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींची तुलना केली, 200 जनुकांची पातळी बदललेली आढळली. आता या 200 मध्ये समान काय? समजा एकूण 20 हजार जनुके आहेत आणि त्यांतल्या 400 जनुकांवर ‘पेशीमृत्यू’ची नोंद आहे, म्हणजे 2 टक्के. निव्वळ योगायोग असेल तर 200 मध्ये अशी 4 सापडावीत. सापडली 20, तर काहीतरी घडते आहे. हिशेब सोपा, संगणक तो क्षणात करतो आणि रंगीत आलेख हाती देतो. धोकाही इथेच आहे. प्रयोगात मुळात 12 हजारच जनुके मोजता आली असतील तर तुलना 20 हजारांशी करणे चूक. हजारो संज्ञा एकाच वेळी तपासल्या तर काही योगायोगानेच उठून दिसणार, म्हणून त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. शिवाय नोंदींचे वाटप समान नाही. पी-53 सारख्या जनुकावर जगभर काम झाले, त्यामुळे त्याच्यावर नोंदींचा ढीग आहे. शेजारच्या जनुकाकडे कोणी फिरकलेच नाही. अशा वेळी आलेख पेशीविषयी कमी आणि संशोधकांच्या आवडीनिवडीविषयी जास्त सांगतो. जीओची कोणती आवृत्ती वापरली हेही न लिहिता आलेख छापणारे शोधनिबंध मला गंभीर दोषाचे वाटतात, कारण संज्ञा आणि नोंदी सतत बदलत असतात आणि दोन वर्षांनी तोच हिशेब वेगळे उत्तर देऊ शकतो.

टीका बाहेरूनही झाली. तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की ‘प्रकार’ आणि ‘भाग’ ही नाती जीओमध्ये सैलपणे वापरली गेली आहेत. त्यांचे म्हणणे जीओच्या कर्त्यांनी ऐकून घेतले, व्याख्या घट्ट केल्या, आणि पुढे दोन्ही बाजूंनी मिळून काम केले. 2019 मध्ये आणखी एक पाऊल पडले : सुट्या नोंदींऐवजी कोणती क्रिया कोणत्या क्रियेला चालना देते हे जोडून दाखवणारी प्रतिमाने. मला वाटते पुढची वाटचाल तिकडेच आहे, कारण पेशीत कोणतीच क्रिया एकटी घडत नाही.

हे सगळे काम करणाऱ्या माणसांना क्युरेटर म्हणतात. ही बहुतेक जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली माणसे. दिवसभर शोधनिबंध वाचायचे, कोणत्या आकृतीतून नेमके काय सिद्ध होते ते ठरवायचे आणि तेवढेच नोंदायचे. त्यांच्या नावावर गाजलेले शोध नसतात, अनुदान दर काही वर्षांनी नव्याने मागावे लागते. जीओचा मुख्य आधार अमेरिकेच्या जनुकसंच संशोधन संस्थेचे अनुदान हा आहे, आणि सगळ्या जगाने वापरायची सोय एका देशाच्या तिजोरीवर अवलंबून असावी हे मला योग्य वाटत नाही. जीओच्या संस्थापकांपैकी सर्वांत आग्रही असलेले ॲशबर्नर जुलै 2023 मध्ये वारले. संशोधनातून आलेली माहिती सर्वांना खुली असावी यासाठी ते आयुष्यभर भांडले.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. 2010 मध्ये सीएसआयआरच्या ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी प्रकल्पात देशभरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी क्षयजंतूच्या सुमारे 4 हजार जनुकांची विखुरलेली माहिती निबंध वाचून गोळा केली. पदवीच्या वर्गातली मुले हे काम करू शकतात हे त्यातून सिद्ध झाले. पोंबे यीस्टच्या संग्रहाने तर ‘कँटो’ नावाचे साधन तयार केले आहे. त्याच्या साहाय्याने शोधनिबंधाचे लेखक आपल्या निबंधातल्या नोंदी स्वतः करतात आणि क्युरेटर त्या तपासतात. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या प्रयोगशाळांत भात, ज्वारी, डास, क्षयजंतू यांवर जे काम होते, ते नोंदवण्यासाठी कोणी बाहेरून येण्याची वाट पाहायचे कारण नाही.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाला एक विनंती. तुमच्या अभ्यासातले कोणतेही एक जनुक निवडा. त्याच्या सगळ्या जीओ-नोंदी काढा, प्रत्येकीचे संकेताक्षर पाहा, आणि जिथे आयडीए किंवा आयएमपी असेल तिथला मूळ निबंध मिळवून ती आकृती स्वतः वाचा. नोंद आकृतीच्या पुढे गेली असेल, किंवा तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट तिथे नसेल, तर जीओच्या संकेतस्थळावर ती कळवण्याची सोय आहे. निबंधाचा संदर्भ देऊन कळवा. कळवणारा विद्यार्थी आहे की प्राध्यापक, हे तिथे कोणी विचारत नाही.